बँड नव्हे, कोअर

मुक्काम : ओहायोतल्या एका हायस्कूलचं पार्किंग
सोमवार, दुपार

टोलीडोनिवासी श्रीमती बर्नाडीनबाई कोवाल्चिक यांना विस्कॉन्सिनच्या ओरिन थॉर्सगार्डचा, टोपी काढून आणि चार हात लांबूनच, नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? बॅरनच्या पोटाचं काय झालं? (कुत्र्याच्या तब्येतीची चौकशी मी मनापासून करतोय, हे त्याच्याही कानावर घालावं.) पत्र उघडलंत याबद्दल आभारी आहे. पाकिटावरचं अक्षर आपल्या सूनबाईचं, म्हणजे माझ्या लेकीचं, किर्स्टेनचं आहे; पत्ता लिहून तिनंच ते मला टपालानं धाडलं. माझं अक्षर पाहिलं असतंत तर पाकीट थेट कचऱ्यात गेलं असतं. फोन तुम्ही उचलत नाही, हे मी बारा वेळा करून पाहिलं. तुमचं घर इथून दोन-अडीच तासांवर आहे, पण दारात यायचं धाडस होत नाही. बॅरनला मी आवडत नाही आणि हे मत त्याला कुणी शिकवलं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तर मूळ मुद्दा. येत्या शनिवारी इंडियानापोलिसला कोअरच्या स्पर्धेची अंतिम फेरी आहे. आपली नात मारिट रिव्हर हेरॉन्स या ढोल-बिगुलांच्या कोअरमध्ये ट्यूबा वाजवणार ते तिथं शेवटचंच. पुढच्या मोसमात तिचं वय जास्त भरेल आणि नियम म्हणजे नियम, पोरगी कितीही चांगली वाजवो, नाव कमी. हे मी केवळ माहिती म्हणून कळवतोय. मला तुमच्याकडं काही मागायचं नाही. मागायला तोंडही नाही, कारण दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरच्या जेवणात त्याच तोंडात सॉसेज असताना मी म्हणालो होतो की या बँडबाजानं पोरीचं पोट भरणार आहे का. तुम्ही चमचा खाली ठेवलात, 'बँड नव्हे, कोअर. आणि अडाण्यांच्या पंगतीला मी बसत नाही,' असं म्हणालात आणि उठून गेलात. (जाताना पिरोगीचं पातेलंही नेलंत. ते मला जास्त लागलं.) हा माणूस जिथं येऊ शकेल त्या स्टेडियमच्या स्टँडची पायरी चढणार नाही, अशी शपथ तुम्ही घेतलीत असं किर्स्टेन सांगते. आता गंमत पाहा, विहीणबाई. मी येईन म्हणून तुम्ही दोन उन्हाळे गेला नाहीत आणि मी तर घरी बसून टीव्हीवर मासेमारी बघत होतो. पोरीला मात्र स्टँडमध्ये ना आजी ना आजोबा.

यंदा जूनमध्ये किर्स्टेनचा घोटा मोडला. तिनं मला मारिटच्या चार टोप्या आणि उन्हात लावायच्या मलमाच्या बाटल्या देऊन पहिल्या शोला पिटाळलं. दोन दिवसांत परत येतो, असं मी शेजाऱ्याला सांगून निघालो. आज नववा आठवडा आहे. अडतीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेल्या माणसाला रस्त्याची भीती नसते, पण माझ्या पिकअपनं आता सात हजार मैल पाहिलेत आणि शेजाऱ्यानं माझे टोमॅटो स्वतःचे म्हणून खायला सुरुवात केली आहे.

पहिल्याच शोला मी फजिती करून घेतली. मैदानावर दीडशे पोरं, सगळी एका पोशाखात, सगळी एकाच वेळी तिरकी पळतात आणि ट्यूबावाल्यांचं तर तोंडच दिसत नाही, नुसते एका पितळी नरसाळ्याला फुटलेले पाय. त्यातल्या एका पायांच्या जोडीला मी आपली मारिट ठरवलं आणि बारा मिनिटं उभं राहून घसा फोडला. शेवटी शेजारच्या गृहस्थांनी माझी बाही ओढली. 'आजोबा, तुमच्या कोअरला अजून पाऊण तास आहे. हे दुसरेच. आणि ती मारिट नाही, तो दाढीवाला मुलगा आहे.' हे गृहस्थ म्हणजे लाइल पेट्रोशियन. एकतीस वर्षं हा माणूस दर उन्हाळ्यात कोअरमागं हिंडतोय. बसायला गादी, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. माझी दया येऊन त्यानं मला शिष्य करून घेतलं. जाणकार लोक पुढं बसत नाहीत, वर बसतात, म्हणजे मैदानावरची आकृती दिसते, हे त्यानं शिकवलं. हळू वाजत असताना टाळी वाजवणं म्हणजे प्रार्थनेत शिंकणं, हेही शिकवलं. (मी दोन्ही केलं आहे.) शो सुरू होण्याआधी पार्किंगमध्ये ढोलवाले हात गरम करत असतात, त्यांच्याभोवती शे-दोनशे माणसं कोंडाळं करून मुकाट मान हलवत उभी असतात, तिथं बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून सोडा शोधू नये, हे मात्र मला त्या दोनशे माणसांनी एकदमच शिकवलं.

एकदा बोलता बोलता मी लाइलला सांगितलं की माझ्या विहीणबाईही सत्तरच्या दशकात टोलीडोच्या मुलींच्या कोअरमध्ये बिगुल वाजवायच्या. त्यानं टोपी काढली हो, बर्नाडीनबाई, पार्किंगमध्ये भर उन्हात. मग त्यानं विचारलं की त्या दिसत कशा नाहीत. मी खरं ते सांगितलं. 'त्यांना? तुम्ही त्यांना बँड म्हणालात?' असं दोनदा विचारून तो जो गप्प झाला तो आयोवातले सगळे शो संपेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्या अबोल्यात वेळ जाईना म्हणून मी हेरॉन्सच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर हात लावायला गेलो. दिवसाला चार पंगती, पंगतीला एकशेसाठ पानं, आणि पोरं अशी खातात की जणू कुणी त्यांना आठवडाभर कोंडून ठेवलं होतं. मला मॅकरोनीत चीज घालायला सांगितलं. किती, ते कागदावर लिहिलं होतं, पण तो आकडा वाचून माझ्यातला विस्कॉन्सिनचा, म्हणजे चीजच्या मुलखातला, माणूस दुखावला. मी अंदाजानं घातलं. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याण्णव डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात सरावाला ट्यूबांची अख्खी रांग अशी चालत होती की शिक्षकांना वाटलं नवीनच चाल बसवलीय. तेव्हापासून ट्रकच्या दारावर पाटी आहे : 'चीज ओरिनच्या हाती देऊ नये.' पोरं त्या पाटीशेजारी उभी राहून माझ्याबरोबर फोटो काढतात. मला कांदे सोलायचं काम मिळालं आहे आणि त्यात मी बरा आहे.

मग टेक्सास. स्टेडियमबाहेर हॉटडॉगच्या रांगेत माझ्या पुढं एक बाई होत्या, नीटनेटक्या, सज्जन. त्या नवऱ्याला म्हणाल्या, 'काय छान बँड आहे नाही हा हेरॉन्सचा?' आणि मी मागून, कुणी विचारलेलं नसताना, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, 'बाई, बँड नव्हे, कोअर.' आवाज माझा होता, पण सूर शंभर टक्के तुमचा. हनुवटीसुद्धा तशीच वर झाली. त्या बिचारीनं हातातली मोहरीच्या सॉसची बाटली माझ्या हातात देऊन टाकली. तेव्हा मला कळलं की तुम्ही त्या दिवशी चमचा का ठेवलात. तेव्हा मी अडाणी होतो. आताही आहे, पण कशाचा अडाणी आहे ते आता कळतं. जे बोललो ते चुकलं. हे वाक्य लिहायला मला टेक्सास ते ओहायो एवढा रस्ता लागला, तेव्हा कृपा करून पुन्हा एकदा वाचा.

जॉर्जियात विजा कडाडायला लागल्या आणि शो रद्द झाला. मुलांनी एका शाळेच्या बंद जिममध्ये उभ्याउभ्या सगळं वाजवलं, आईबापांसाठी आणि आम्हा कांदे सोलणाऱ्यांसाठी. मारिट माझ्यापासून सहा फुटांवर होती. त्यांच्या शोमध्ये एक जागा आहे, सगळं थांबतं आणि ट्यूबा एकटेच, अगदी खालून सुरू होतात. तो आवाज कानात येत नाही, बाई, तो जमिनीतून पायात येतो आणि मग बरगडीत जाऊन बसतो. मला रडू आलं. कांद्याचं नव्हतं. नंतर मारिट येऊन बसली, घामानं निथळत, आणि म्हणाली, 'आजोबा, अजून रोज वाजवायच्या आधी मी आजीनं शिकवलेला श्वास घेते. चार मोजून आत, आठ मोजून बाहेर. तिच्या स्वयंपाकघरात, खुर्चीवर उभी करून शिकवला होता तिनं.' मग बराच वेळ टोपीची दोरी ओढत राहून तिनं विचारलं, 'ती येईल का हो शेवटच्या शोला?'

बाकी सर्व क्षेम. किर्स्टेनचा घोटा जुळतोय, तुमचे चिरंजीव तिला जेवायला घालतात आणि ती ते खाते, यावरून संसार बरा चाललाय असं समजतो. पुन्हा सांगतो, मला काही मागायचं नाही.

आपला व्याही (तुम्ही अजून मानत असाल तर),
ओरिन थॉर्सगार्ड

ता. क. : सोबत शनिवारचं एक तिकीट जोडलं आहे. लाइलच्या बहिणीचं येणं रद्द झाल्यामुळं ते उरलं होतं. वाया जाऊ नये म्हणून पाठवतोय. कुणालाही द्या.

ता. क. दुसरा : लाइलला बहीण नाही. तिकीट मी जुलैतच काढलं. वरची रांग आहे, मधोमध, तुमच्यासारख्यांनी बसावं अशी. शेजारची जागा माझी आहे. तुम्हाला चालणार नसेल तर मी खाली जाऊन बसेन, पण मग त्या हळू जागेला माझा हात धरून ठेवणारं कुणी नसेल आणि मी टाळी वाजवणार, हे नक्की.

ता. क. तिसरा : हे खरं आधीच लिहायला हवं होतं. मारिटनं जिममध्ये विचारलं तेव्हा मी 'येईल की' असं म्हणून बसलो. तोंडातून गेलं. हेरॉन्समध्ये अशी रीत आहे की शेवटचा शो झाला की वय संपलेली मुलं पायातले बूट मैदानावरच सोडून येतात आणि फाटकापर्यंत अनवाणी चालतात. काल मी तिला म्हणालो, तुझ्यासाठी सपाता घेऊन फाटकाशी उभा राहतो. ती म्हणाली, 'तुम्ही नका आणू आजोबा, आजी आणेल.' तिला साडेआठ नंबर लागतो.