दोन अंगठ्यांचा फोन

माझ्या फोनात आईचा अंगठा मी स्वतःच नोंदवला होता. मी बेशुद्ध असताना तिने तो फोन उघडून दिला, तर चूक कोणाची? मला याचे उत्तर देता येत नाही. ते न देताच हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, मयुरी हिरालाल साटोणे, वय सत्तावीस, शिक्षण बी.ए., राहणार आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला आहे. आज मी पूर्ण शुद्धीत आहे, कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही, आणि काय लिहिते ते मला कळते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. करावे एवढी इस्टेट नव्हती, आजही नाही.

१. घर आणि किराणा दुकान बाबांच्या नावावर आहे, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. गल्ल्याच्या वर टांगलेली माझी पदवी तिथेच राहू द्यावी. गिऱ्हाइकाला ती दाखवताना बाबांच्या हातून साखर जरा जास्तच तोलली जाते. तेवढे त्यांना चालू द्यावे.

२. बँकेतील माझी बचत आई, अनुसयाबाई, हिला मिळावी. तिने ती सही करून काढावी, अंगठा लावू नये. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी पहिले काम केले ते तिला सही शिकवण्याचे. पूर्ण नाव लिहायला तिला वेळ लागतो. खिडकीतला माणूस म्हणेल, "मावशी, अंगठा लावा ना, मागं लाइन आहे." मागच्या वेळीही म्हणाला होता. लाइन थांबू द्यावी.

३. स्कुटी माझा धाकटा भाऊ अंकित याला द्यावी. जुलैत मी घरात कोसळले तेव्हा त्यानेच धावपळ करून मला वर्ध्याला पोचवले, हे मी विसरलेले नाही. पुढे जे झाले तेही विसरलेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी मी दुकानामागच्या खोलीत मुलींची शिकवणी घेते, तेव्हा आई माझ्या फोनवरून रोहणा गावच्या मावशीशी बोलायची. लॉकचे आकडे तिच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी तिचा अंगठा नोंदवला. कापूस वेचून, भांडी घासून तिच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या मशीनवर तो उठत नाही. माझ्या फोनाने कसाबसा घेतला, तेव्हा ती हसली होती. "या डब्ब्यानं तरी मले ओळखलं!"

जुलैत वर्ध्याच्या दवाखान्यात मला झोपेचे औषध देऊन ठेवले होते. जुने रिपोर्ट फोनात होते. अंकित म्हणाला, "आई, अंगठा ठेव." तिने ठेवला. रिपोर्ट डॉक्टरांना मिळाले, औषध बदलले, माझा जीव वाचला. हेही खरे आहे. या सोयीला मी कोणत्या तोंडाने नावे ठेवू?

पण फोन नंतर त्याच्याच हातात राहिला, आणि त्याने मेसेज वाचले. शिकवणीच्या मुली मला मनातले लिहितात. एकीने घरी न सांगता नर्सिंगचा फॉर्म भरला होता. तिचे नाव आणि गाव मी इथेही लिहिणार नाही. अंकितने चहाच्या टपरीवर तिच्या भावाला चिडवले, "काऊन बे, तुही बहीण नर्स होऊन राह्यली, पार्टी कधी?" त्याला ती गंमत वाटली. घरच्यांनी तिचा फोन काढून घेतला, शिक्षण बंद केले. ती आता शिकवणीला येत नाही.

मी अंकितला विचारले. तो म्हणाला, "मी का चोरून पाह्यलं? आईनं खोलून देल्ला. घरातल्या घरात काय लपवाचं असते?"

मुलींना बहुतेक वेळा घरातल्यांपासूनच लपवावे लागते, हे मी त्याला समजावू शकले नाही. प्रयत्न पुष्कळ केला. आता थकले. स्कुटी त्यालाच द्यावी.

आईलाही विचारले. "त्यानं म्हटलं ठेव, मी ठेवला. जनमभर जिथं म्हटलं तिथं ठेवत आली. कागदावर काय हाय, कधी इचारलं?" मग गहू निवडता निवडता ती स्वतःच म्हणाली, "माहा अंगठा काढून टाक बाई. उद्या कोणी म्हटलं तं मी पुन्हा ठेवीन."

तो मी तिच्यासमोरच काढला. मग माझाही काढला. ऑपरेशनच्या टेबलावर माझे बोटसुद्धा जो धरेल त्याला हो म्हणणार. माझ्या माघारी अंकितने आईला मावशीचा फोन रोज लावून द्यावा, आणि बोलणे संपेपर्यंत बाहेर थांबावे.

४. माझी पुस्तके नाचणगावच्या पद्माताई पाठक यांना द्यावीत. त्यांनी मला शाळेत शिकवले. त्यातली नर्सिंगच्या प्रवेशाची पुस्तके जी मुलगी मागायला येईल तिला त्यांनी द्यावीत. नाव विचारू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही ताईंनीच करावी.

५. राहिला फोन. मुलींचे मेसेज माझ्या मृत्यूनंतर ताईंनी न वाचता पुसावेत, असे मी आधी लिहिले होते. कच्चा मसुदा वाचून ताई म्हणाल्या, "अगं, पुसायला आधी फोन उघडावा लागेल ना? आणि मी वाचले नाहीत, हे त्या मुलींनी कशावरून धरायचं?" मी ते वाक्य खोडले. काल एकेकीला फोन केला, जिला जे हवे ते तिच्याकडे पाठवले, आणि सगळे पुसून टाकले. जिचा फोनच काढून घेतला आहे तिला विचारता आले नाही. तिचे मी न विचारताच पुसले.

फोन अंकितने घ्यावा. फोनला आता लॉक ठेवलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघांच्या समोर सही केली.

सही: मयुरी हिरालाल साटोणे

साक्षीदार:
पद्मा कृष्णकांत पाठक, निवृत्त शिक्षिका, नाचणगाव
रूपराव वानखडे, शेजारी, आंजी (मोठी)

ठिकाण: आंजी (मोठी)
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५