कुलूप लावलं होतं का?

४ ऑगस्ट, सोम.
सायकल गेली. अंबडला, अभ्यासिकेच्या दारातून, भर दुपारी. चाकाचं कुलूप लावलेलं होतं, किल्ली माझ्याकडंच आहे. मागचं चाक उचलून नेली असणार. घरापर्यंत पायी. आई, दादा, शेजारच्या काकू, सगळ्यांचा एकच सवाल: कुलूप लावलं होतं का? चोराला कुणी काही म्हणंना.
दादा हसला. "पोलीस भरतीचा अभ्यास करून राह्यली, अन् सायकल सांभाळता येईना."
अण्णा म्हणले, "आता घरीच कर अभ्यास."
घरी! पुस्तक उघडलं की आईला चहा लागतो.

८ ऑगस्ट
मामा त्यांच्या गावाहून, कुंभार पिंपळगावहून, मामेबहिणीची जुनी सायकल घेऊन आल्ते. देवमाणूस. अण्णांनी लगेच अट घातली. "ही गेली तर अंबड बंद. बिलकुल बंद."

९ ऑगस्ट, शनि.
कुलूप घ्यायला दादासोबत. कुलूप माझं, दुकानदार बोलतोय दादाशी. "लेडीजसाठी हे न्या भाऊ, हलकं आहे." नंबरवालं, गुलाबी. प्लास्टिकच्या आत बारीक तार. म्हणलं, पक्कड द्या, कापून बघते.
"मंग आधी विकत घ्या," म्हणला, हसत.
घेतलं. काउंटरवरच कापलं. दोनदा दाबली, तुटलं. हसणं बंद. दादा लाजून बाहेर गाडीवर जाऊन बसला. मी जाड चौकोनी कड्यांची साखळी अन् जडशीळ कुलूप काढायला लावलं. त्याच्यावर पक्कड नुसती घसरली. तेच आणलं.

११ ऑगस्ट
फ्रेम, चाक अन् अभ्यासिकेच्या खिडकीचे गज, तिन्हीतून साखळी. मालक आला. "खिडकीला न्हाई बांधायचं, रंग जातो."
"मंग खांब रोवून द्या."
"बाकी पोरी बसनं येतात."
आमच्या गावाला बस कधी येते ते विचार म्हणावं... सोडली न्हाई साखळी. दिवसभर डोकं गरम, गणितं सगळी चुकली.

१९ ऑगस्ट, मंगळ.
साखळीवर करवतीची खूण. कडी अर्धीही कापली न्हाई. कुलूप टिकलं! दोन मिनिटं नुसता आनंद. मंग वर बघितलं.
सीट न्हाई.
नालायक. सायकल जमेना म्हणून सीट! आत जाऊन ओरडले, कुणी पाह्यलं का? सगळ्यांच्या माना पुस्तकात. मालक म्हणला, "सीटला कुलूप न्हाई लावलं का?" त्याला काय बोलले ते इथं लिहीत न्हाई.
घरापर्यंत उभ्यानं पायडल मारत आले. पोटऱ्या पेटल्यात. सायकल अंगणात लावली आहे, सीटची नळी तशीच उघडी, वर काही टाकलं न्हाई. अण्णा शेतातून येतील, बघतील. बघू देत. सायकल गेलेली न्हाई, एवढंच सांगणार. त्यांनी काही म्हणलं तर
गेट वाजलं.