आधीचा नमुना

३ फेब्रुवारी
पाणी गाळायच्या पडद्याला कसं कळतं, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही? काल आईने विचारलं. मीठ अडतं, पाणी जातं, एवढंच सांगू शकले. कसं कळतं, ते मलाही नीट सांगता येत नाही. घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून तिला वाटतं मला सगळं येतं.

आज हाटकेश भागातल्या लॅबमध्ये रुजू झाले. डोंगरीच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करायचा छोटा प्रायोगिक प्लान्ट आहे. तिथले गाळणीचे पडदे फार लवकर चोंदतात. त्यांचे तुकडे वाळवायचे, वर सोन्याचा मुलामा चढवायचा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या निर्वात पेटीत ठेवून त्यांच्यावर साचलेल्या थराचे फोटो काढायचे, हे माझं काम. लॅबचे प्रमुख जितेंद्र सरांनी प्लान्टच्या गोड्या पाण्याची बाटली भेट दिली. इंद्रलोक वसाहतीत घरी आले तर आईने ती आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवली, मग पेलाभर प्यायली. म्हणाली, “समुद्राचं पाणी पाजलंस गं माय. आमाला तर विहिरीवर दुरूनच ओतायचे.” उरलेलं तिने जपून ठेवलं.

७ फेब्रुवारी
चौथा तुकडा. थरात बारीक तंतू. सकाळी तीन, जेवणानंतर पंधरा. वाळवलेल्या, सोन्याने मढवलेल्या, हवाच नसलेल्या जागी काही वाढत नाही. सर म्हणाले, तुकड्यांची अदलाबदल झाली असेल, नवीन आहेस. मी अदलाबदल करत नाही.

१० फेब्रुवारी
आज तुकड्यावर सहीची चिठ्ठी लावली, सरांना शेजारी बसवलं. त्यांच्यादेखत तंतू वाढले. मशीनमधल्या इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने नमुना हलतो, म्हणाले. मग मी पडदा उलटून गोड्या पाण्याची बाजू पाहिली. तिथेही तेच. म्हणजे पडद्याने त्यांना अडवलंच नाही. ही बाजू अहवालात नको, सर म्हणाले. गिऱ्हाइकाने, म्हणजे प्लान्टवाल्यांनी, मागितलेली नाही.

११ फेब्रुवारी
आईची जीभ पांढरी पडलीय. खरवडली तरी तासाभरात थर परत. अळणी भात खारट लागतो म्हणते. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या.

१२ फेब्रुवारी
आईच्या जिभेवरचा थर वाळवून, मुलामा चढवून पाहिला. तेच तंतू. फोटो सरांपुढे ठेवले. म्हणाले, “पाणी प्यायच्या आधीचा नमुना कुठाय? हे तिला आधीपासूनच असेल तर?”

नाही माझ्याकडे. आईच्या जिभेचा आधीचा नमुना कोण ठेवतं?

परवा अहवाल जाणार. तो गेला की सोमवारपासून हे पाणी डोंगरीच्या नळांना.

१३ फेब्रुवारी
आई बोलत नाही. खुणेने सांगते, दुखत नाही. तोंड उघडलं तेव्हा आत – जीभ दिसली नाही. नुसतं पांढरं. हलत होतं.
सरांना तीन फोन केले. अहवाल टाइप होतोय म्हणे.

१४ फेब्रुवारी
सकाळी नऊ. माझ्या जिभेवरून खरवडून घेतलं. दोनदा पाहिलं. स्वच्छ. फोटोवर तारीख, वेळ, सही. सरांनाही सही करायला लावली. कशाचा नमुना, ते त्यांनी विचारलं नाही.

आता आधीचा आहे. नंतरचा हवा –

नऊ चाळीसला घरून आणलेल्या बाटलीतलं उरलेलं सगळं प्यायले. सरांसमोर. ते उठेपर्यंत बाटली रिकामी होती.

दहा वाजता दुसरा नमुना. सर मागे उभे आहेत. स्क्रीनवर तंतू. तीन. नाही, पंधरा –