बाईसाहेबांच्या मानेवरचे औषध

२ तारीख, सकाळी ७.१०
बाईसाहेबांच्या उशीवर तांदळाच्या कण्यांसारखे काही आढळले. त्यातील एक कणी हलली. कन्या लग्न होऊन परगावी जाताना ही मांजर माझ्या गळ्यात मारून गेली. तेव्हापासून घरात हुकूम तिचाच.
कन्या तीस तारखेला आठ महिन्यांच्या नातीला घेऊन प्रथमच राहायला येत आहे. फोनवर म्हणाली, बाबा, ती रांगते, दिसेल ते तोंडात घालते. मांजर बरी नसेल तर मी सासूबाईंकडेच उतरते, दोन गल्ल्या पलीकडे तर आहेत. अठ्ठावीस दिवस आहेत. मी याहून कमी वेळात प्रबंध तपासलेले आहेत.

३ तारीख
जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने फारच लहान. निदान: टेपवर्म. मानेच्या मागे, केस बाजूला सारून, थेट कातडीवर टाकायचे ड्रॉप्स दिले. शिवाय म्हणाल्या, हे जंत पिसवांतून येतात. मांजर अंग चाटताना पिसू गिळते, तेव्हा पिसवांचेही औषध टाका, अंथरुणे गरम पाण्यातून काढा. माझ्या घरात पिसवा नाहीत, असे स्पष्ट सांगून दुसरे औषध तिथेच ठेवले.

४ तारीख, सकाळी ११.००
माहितीपत्रकात व्याकरणाच्या तीन चुका. कंपनीस पत्र लिहिले. पहिला डोस माझ्या बाहीवर. शेजारीण म्हणाली, काका, मांजर आहे ती, उत्तरपत्रिका नाही, नीट धरा. शेवटी तिनेच धरली. नवा डोस आणून टाकला. माझे तंत्र निर्दोष होते.

९ तारीख
एकही कणी नाही. कन्येस कळवले. तिने विचारले, पिसवांचं औषध टाकलंत ना? म्हणालो, तो विषय संपला आहे. यात असत्य काहीही नाही.

१८ तारीख
पोटरीवर ओळीने लाल पुळ्या. उष्णता. शेजारीण म्हणते, पिसवा चावल्या. तिचे शिक्षण बारावी.

२६ तारीख
उशीवर पुन्हा कण्या. औषध निकृष्ट.
डॉक्टरीणबाईंनी बारीक कंगवा फिरवून ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. काळे कण पडले, लालसर विरघळले. पिसवांची घाण, म्हणाल्या. सॅम्पल अपुरे आहे, असे मी निदर्शनास आणले. त्या म्हणाल्या, काका, आता घरभर अंडी असतील. सगळं निघायला दोन-तीन महिने लागतील.
दोन्ही औषधे आणली.

२८ तारीख
अंथरुणे उकळली. गालिचा तीनदा झाडला. दोन दिवस पुरेसे आहेत.

२९ तारीख
कन्येने सरळच विचारले. मी 'तो विषय संपला' या वाक्याचा नेमका अर्थ समजावू लागलो. म्हणाली, बाबा, नुसतं हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालो. तिने फोन ठेवला.

३० तारीख, सायंकाळी ५.३०
कन्या सासूबाईंकडेच उतरली. तिकडे गेलो. विहीणबाईंनी खुर्ची दिली, बाहेर ओट्यावर. नात आत रांगत होती. उत्तम रांगते. मला पाहून थांबली, मग थेट माझ्याकडे निघाली. उंबरठ्याशी कन्येने तिला उचलले. हलक्या आवाजात म्हणाली, बाबा, कपड्यांवर काही असलं तर. पोरगी रडू लागली.
मला जरा घाई आहे, असे सांगून उठलो.
घाई नव्हती.