देव अजून पाण्यातच आहेत

ॲन आर्बर,
मे १९८४

प्रिय आई,

तू गेल्याला दोन महिने झाले आणि मी आत्ता पत्र लिहायला बसलोय. काल निकाल लागला. पास झालो. वहिनीला लगेच फोनवर सांगितलं, पण तुला कळवल्याशिवाय बातमी पुरी झाल्यासारखी वाटेना.

गेल्या दिवाळीआधी मी ही परीक्षा पहिल्यांदा दिली, तेव्हाचं आठवतं? पीएच.डी.ला पुढे जाऊ देतात की घरी पाठवतात, ते तिच्यावर ठरणार होतं. तू देव पाण्यात घातलेस. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सगळे तांब्याच्या तपेलीत. राजू पास झाल्याचं पत्र येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं घरात बजावलंस. मी चेष्टा केली. हे देवाला ओलीस धरणं झालं, असं लिहिलं.

वर शहाणपणाही शिकवला. एअरोग्रामच्या निळ्या पत्रावर चार चौकोन आखले. देव मानला आणि तो निघाला, तर फायदाच फायदा. मानला आणि नाही निघाला, तर नुकसान शून्य. तेव्हा मानणंच तर्काला धरून आहे, असं खाली दोन रेघा मारून लिहिलं. रूममेट सुधीरला दाखवलं तर तो म्हणाला, "परफेक्ट आहे यार, लॉजिकली बिलीव्ह करणंच बेटर. पण मग तू का नाही करत?" मी विषय बदलला.

तुझं उत्तर दोन ओळींचं होतं. "फायदा बघून मानायला तो काय दुकानदार आहे? थंडीत कान झाकत जा."

मग मी नापास झालो, आणि तुला कळवलं नाही. पुढच्या प्रत्येक पत्रात बर्फ, बस, सुधीरने करपवलेली खिचडी, सगळं आलं. निकाल तेवढा नाही. मे महिन्यात दुसरी संधी होती. म्हटलं, एकदम चांगलंच कळवू. देव पाण्यात आहेत हे विसरलो होतो असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. आठवत होतं. त्याने कुणाचं काय बिघडतंय, असं वाटत होतं.

काय बिघडलं ते काल वहिनीने सांगितलं. "भाऊजी, आईंनी तेवढे महिने पूजाच केली नाही. देवच पाण्यात, पूजा कुणाची करणार? अंघोळ करून सवयीने देवघरापुढे यायच्या, तपेलीतलं पाणी बदलायच्या आणि उठायच्या."

लग्न होऊन आल्यापासून तुझी पूजा चुकल्याचं मी ऐकलं नव्हतं. आणि मी त्या चौकोनात शून्य लिहून मोकळा झालो होतो.

वहिनी पुढे म्हणाली, "तुम्ही नापास झालात ते त्यांना माहीत होतं. सुधीरची मावशी आपल्याच गल्लीत नाही का? तिने कधीच सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, मग काढा देव बाहेर. तर म्हणाल्या, त्याला लाज वाटत असेल. तो स्वतः सांगेल तेव्हा बघू."

मग मला विचारलं का नाहीस, आई? एका ओळीत टोचलं असतंस तरी मी सगळं सांगितलं असतं. काल दिवसभर तुझा राग राग केला. संध्याकाळी सुधीरसमोर रडलो.

तू गेल्यावरही वहिनीने देवांना हात लावलेला नाही, नुसतं पाणी बदलते. "आता काढू ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "थांब, मी येतोय."

पुढच्या महिन्यात येतो. देव मानायला लागलो का, असं विचारशील, तर नाही. चार चौकोन मांडूनही जमलं नाही, आणि आता तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. पण एक कबूल करतो. देव मी माझ्या हाताने बाहेर काढीन, पुसून जागेवर ठेवीन, आणि पास झालो हे सांगायच्या आधी, नापास झालो होतो हे मोठ्याने सांगेन. ऐकायला तिथे कुणी आहे की नाही, ते न ठरवता.

तुझा,
राजू