दुसरं ऑपरेशन

प्रिय इदवाल,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं. पण पत्र दुसऱ्या कशानं सुरू करायचं ते आईनं शिकवलं नव्हतं, त्यामुळे राहू दे. तुझं पत्र शनिवारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी वाटलं, कोणीतरी गेलं. इतक्या वर्षांत भाऊ आठवण म्हणून लिहील असं माझ्या मनातही आलं नाही, बघ. मग वाचलं. तुझी नेरिस मैत्रिणीच्या मोटरसायकलवरून पडली, पाय मोडला, प्लेट घातली, ती नीट बसली नाही, आणि गुरुवारी पुन्हा ऑपरेशन. तुझ्या बायकोची, ओल्वेनची, कंबर धरलीय, तर मी चार दिवस घर सांभाळायला यावं. येते की नाही ते पुढे सांगते. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. तुझ्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून सांगते. अर्ध्यावर चुरगळून शेगडीत टाकायची तुझी सवय मला माहीत आहे.

आईचं आठवतं का? तुला तुझ्या सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून मीच सांगते. तिच्या अंगावरून फार जायला लागलं होतं. आधी हॉस्पिटलात नेऊन पिशवी साफ केली, छोटंसं काम, दुसऱ्या दिवशी घरी. आठवड्यानं ताप आला, जेवण जाईना, मळमळायचं. आई म्हणाली, वॉर्डातल्या बायका खिडकी उघडी टाकून गप्पा मारत बसतात, त्या वाऱ्यानं धरलं मला. चार दिवसांत ताप उतरला, तिनं पुन्हा पाव भाजायला घेतले, आणि आपण सगळे विसरलो. महिन्याभरानं पिशवीच काढायला पुन्हा नेलं. पुन्हा भुलीचा तोच मास्क, तोच गोडसर वास. शुद्धीवर आली तेव्हा छान होती रे. तुझी थट्टा केली तिनं, आठवतं? 'इदवाल, तू चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसायला लागल्यापासून तुझा चेहरा रविवारसारखा झालाय, जरा सोमवारचा करून ये.' तू हसला नाहीस. मी हसले.

मग तिचे डोळे पिवळे झाले. मग कातडी. अंग खाजवून खाजवून रक्त काढायची. आणि आपल्या गावात माणूस पिवळा पडला की लोकांना एकच कारण सुचतं. खाणीवरच्या दारुड्यांचं तसं झालेलं सगळ्यांनी पाहिलेलं. आपल्याकडे बारशापासून दारूला न शिवण्याची शपथ घेतात, त्यामुळे कोण चोरून पितो याचा वास प्रत्येकाला लांबून येतो, नसला तरी येतो. चॅपलमधले प्रसादाचे इवलेसे पेले जी बाई जन्मभर धूत आली, त्यात वाइनच्या जागी नुसता द्राक्षांचा रस असतो की नाही हे स्वतः चाखून बघायची, तिच्याबद्दल बायका कोपऱ्यात कुजबुजायला लागल्या. कुजबुजू देत, म्हटलं. बायकांना दुसरा उद्योग काय. पण तू? तू तिच्या पोटचा!

तू फडताळ उपसलंस. पिठाच्या डब्यामागे तुला बाटली सापडली. टॉनिकची. पहिल्या ऑपरेशननंतर अशक्तपणा आला म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली, जेवणाआधी दोन चमचे. त्यात वाइन असते हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि ती दारू नव्हे हेही सगळ्या गावाला ठाऊक. चॅपलच्या निम्म्या बायका घ्यायच्या. नेरिसच्या वेळी बाळंतपणानंतर तुझ्या ओल्वेननं दोन बाटल्या संपवल्या, त्या काय देवदूतांनी प्यायल्या? पण तू ती कोटाखाली लपवून हॉस्पिटलातल्या डॉक्टर पॅरींकडे नेलीस. ते म्हणाले, 'मग तर प्रश्नच मिटला.' आणि खरंच मिटला. त्यानंतर कोणी काही विचारलंच नाही. ताप कधी आला होता, पहिल्या वेळी काय झालं होतं, काही नाही. उत्तर मिळालं ना, मग झालं.

पाद्री आले आणि तिच्या उशाशी उभं राहून तिला या व्यसनाची क्षमा मिळावी म्हणून त्यांनी प्रार्थना केली. तू मान खाली घालून 'आमेन' म्हणालास. तुला वाटलं ती गुंगीत आहे. नव्हती. तुम्ही गेल्यावर तिनं माझा हात धरला. 'लोवरी, हे कोणाबद्दल बोलत होते गं?' म्हणाली. मी सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईबद्दल. 'बिचारी,' म्हणाली. दोन दिवसांनी गेली. चॅपलनं आपली खोली मयतीनंतरच्या चहासाठी उघडली नाही. एका बाईनं केकचा तुकडा आणला नाही. जिनं गावातल्या प्रत्येक मयतीच्या जेवणाला हॅम कापलं, तिच्या मयतीला आपण दोघं स्वयंपाकघरात उभ्यानं चहा प्यायलो. त्या दिवशी मी तुझ्या तोंडावर बोलले ते सगळं आजही तसंच म्हणते. एक शब्द मागे घेत नाही.

आता खरं ऐक. तीन वर्षांपूर्वी इथे लिव्हरपूलला माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर आले, रेनशॉ नावाचे, शर्टाचं बटण तुटलेलं, घाईत. विचारलं, घरात कोणाला भुलीचा कधी त्रास? मी म्हटलं, आई ऑपरेशननंतर पिवळी पडून गेली. लोक म्हणतात प्यायची, पण ती पीत नव्हती. ते सरळ माझ्या खाटेवर बसले. दुसरं ऑपरेशन होतं का? पहिल्यानंतर आठवड्यानं ताप आला होता का? मध्ये थोडेच दिवस गेले होते का? मी आपली हो, हो, हो करत रडायलाच लागले. इतक्या वर्षांत कोणी पहिल्यांदा विचारत होतं रे. मग त्यांनी समजावलं. भुलीचं एक औषध आहे, वाफेचं, हजारोंना काही होत नाही. पण एखाद्याच्या शरीराला ते सोसत नाही. पहिल्या वेळी नुसता ताप येतो, आणि लवकरच दुसऱ्यांदा दिलं की शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उठतं. एकाच रक्ताच्या माणसांत हे असतं का, ते नक्की सांगता येत नाही, म्हणाले. 'पण मी धोका पत्करणार नाही,' असंही म्हणाले. मला त्यांनी दुसरंच औषध दिलं. खरं तेच लिहिते, इदवाल: तू बाटली नेली नसतीस तरी तेव्हा आई वाचली नसती. फक्त ती आपली आई म्हणून गेली असती, दारुडी म्हणून नाही. हे सगळं मी तेव्हाच तुला कळवलं होतं. उत्तर म्हणून तू चॅपलचं कॅलेंडर पाठवलंस.

आणि आता तुझ्या पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, दोन ओळी. पहिल्या ऑपरेशननंतर नेरिसला ताप येऊन गेला, हल्ली जेवत नाही, अंग खाजवते, डोळ्यांत थोडी पिवळी झाक आहे. कॉलेजच्या पोरांबरोबर प्यायला शिकली असणार, आजीवर गेली, असं म्हणतोस, तू तिला चांगलं झापलंस, आणि बोभाटा नको म्हणून डॉक्टरांना काही सांगितलं नाहीस. ते वाचून मी तशीच उठले. तुझ्या घरी फोन केला, ओल्वेननं माझा आवाज ऐकून ठेवून दिला. मग मी हॉस्पिटलात फोन केला. हो, तुला न विचारता. तिथले डॉक्टर म्हणाले, वडिलांनी तर घरात कोणालाच भुलीचा त्रास झालेला नाही असं सांगितलंय. मुलीला लगेच घेऊन या, रक्त तपासू, पण वडिलांनी खरं काय ते स्वतः सांगावं, तुमचं एक आणि त्यांचं दुसरं असं नको. म्हणजे पुन्हा तुझ्याच शब्दावर आलं. हे पत्र मंगळवारी तुझ्या हाती पडेल. गुरुवारची वाट बघू नकोस, पत्र खाली ठेव आणि पोरीला गाडीत घाल. मी बुधवारच्या गाडीनं येते, घर सांभाळायला नाही, तिच्याजवळ बसायला. तिथे विचारतील तेव्हा 'दारू' म्हणालास तर ते तुझंच खरं धरतील, बाप आहेस तू. म्हणून सांग, की माझी आई पीत नव्हती, तिला दुसऱ्यांदा भूल दिली आणि ती गेली, आणि माझी मुलगीही पीत नाही. आईसाठी सांगू नकोस, तिला आता त्याचा उपयोग नाही. नेरिस ऐकत असेल, तिच्यासमोर सांग.

तुझीच, दुसरी बहीण तुला नाही म्हणून,
लोवरी