पान एक्केचाळीस न वाचता केलेल्या सहीबाबत

प्रति,
मा. कंपनी सचिव,
पेंचधारा पॅकेजिंग लिमिटेड, नागपूर.

विषय: प्रॉक्सी रद्द करून अर्जदारास स्वतः मत देऊ देण्याबाबत.
संदर्भ: वार्षिक सभेची नोटीस, पान ४१, ठराव क्र. ७.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार दादाजी गजभिये हा आपला तीनशे शेअरचा भागधारक असून खापरखेडा वीज केंद्रातून आवक-जावक लिपिक म्हणून निवृत्त झालेला आहे. आलेल्या कागदावर 'पाहिले' लिहून सही ठोकायची आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा, हे त्याने चौतीस वर्षे केले. वाचायचे काम साहेबांचे. माणूस निवृत्त झाला, हात झालेला नाही.

२. आपल्या नोटिशीसोबत प्रॉक्सीचा फॉर्म आला. प्रतिनिधी म्हणून अध्यक्ष महोदयांचे नाव आधीच छापलेले. अर्जदाराने रेव्हेन्यू तिकीट लावून सही केली, ठरावांपुढच्या चौकटी कोऱ्या सोडल्या, म्हणजे स्वतःचे मतही त्यांच्यावरच सोपवले. लिफाफा मुलीकडे दिला, कारण मेघा आपल्याच नागपूर युनिटमध्ये तपासनीस आहे. तिने तो कामावर जाताजाता आपल्या खिडकीत दिला व पोचही आणली.

३. नोटिशीची पाने अर्जदाराच्या पत्नीने, मायाने, फळीवर डब्यांखाली अंथरली. अंथरताअंथरता तिने विचारले, "अजी, यात आपल्या मेघाच्या युनिटचं नाव काहून आहे?" तेव्हा कुठे डबे उतरवून अर्जदाराने पान ४१ वाचले. नागपूर युनिट बंद करून यंत्रे परराज्यात नेण्याचा ठराव! आपण काही लपवले नाही, सगळे छापून घरपोच दिले, हीच तर पंचाईत आहे. अर्जदारास स्वतःची लाज वाटते. मेघा समोर जेवायला बसली की तो पाणी आणायच्या निमित्ताने उठतो. तिला अद्याप सांगितलेले नाही.

४. तीनशे शेअरांनी ठराव पडणार नाही, एवढे अर्जदारासही कळते. परंतु मुलीची नोकरी घालवणाऱ्या सह्यांत बापाची सही नको. सबब सदर प्रॉक्सी सभेपूर्वी रद्द समजावी. अर्जदार स्वतः येऊन विरोधात मत देईल. तसेच पुढील नोटिशीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापावे, की वाचल्याशिवाय सही करू नये, विशेषतः निवृत्त लिपिकांनी. एवढी मेहरबानी व्हावी. अर्जदार आता फार थकला आहे.

या वेळी वाचून सही करणारा,
आपला नम्र,
दादाजी गजभिये
नागपूर, दि. १२/०९/२०२५

सोबत: १) पोचेची प्रत. २) पान ४१, तेलाच्या डागासह.

टीप: हा अर्ज अर्जदाराने स्वतः आणून दिला आहे. मेघाच्या हाती पाठवलेला नाही.